सागरतळीची बाग

मुलांनो, मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात प्रवाळांच्या बागा आहेत. दाबून भरलेल्या हवेची टाकी पाठीवर बांधून पाणबुडे त्या पाहावयास खाली उतरतात. या साधनाला ‘स्कूबा’ म्हणतात. कुस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ मध्ये असे सोयीचे साधन सिद्ध केले.

प्रवाळ दगडासारखे दिसते. पण ते असंख्य चिमुकल्या जीवांचे घर होय. त्या जीवांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवले त्यांना अन्न व रंग देतात. समुद्र प्रमाणाबाहेर तापला, की ही शैवले नाहीशी होतात. मग प्रवाळ पांढरे पडते व पुष्कळदा उपासमारीने मरते. होडीच्या नांगराने किंवा पाणबुड्याच्या पायाच्या धक्क्यानेही ते मोडते. प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. क्षणात झालेली हानी भरून येण्यास किती वर्षे लागत असतील बरे!

म्हणूनच १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य स्थापन झाले. परंतु सागरतळी पावलोपावली पहारेकरी कोठून येणार? तेथे पाणबुड्याचा विवेक हाच पहारेकरी. त्याने डोळे भरून पाहावे. हात मात्र लावू नये.

शब्दार्थ : प्रवाळ – पोवळे, शैवल – शेवाळ.

प्रश्न : प्रवाळ पांढरे का पडते?