वेली गुलाबाला वळण

आमच्या दाराशेजारी एक वेली गुलाब होता. माझ्या पत्नीने तो हौसेने लावला होता. दोन वर्षांत तो कौलांपर्यंत गेला. पण फुले कुठे? सगळी वर, कौलांवर! खाली नुसत्या काटेरी काठ्या. ती म्हणायची, "पाणी मी घालायचे आणि फुले कावळ्यांनी बघायची!"

मी शाळेचा हेडमास्तर. मला वाटले, यात काय अवघड आहे? एक दिवस मी जुनी, जाड फांदी जोराने खाली ओढली. ती काडकन मोडली. राहिलेला वेलही सुकू लागला. पत्नी काही बोलली नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

शाळेच्या बागेत एक माळीबुवा काम करीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण झाडांचे ज्ञान मोठे होते. ते म्हणाले, "गुरुजी, उपटू नका. बुडात अजून जीव आहे. नवा फुटवा येईल. त्याला कोवळेपणीच वळवा."

वळवायचे कशाला? त्याचे कारण असे. फांदी सरळ उभी वाढली की शेंड्याचा डोळा जोर धरतो. तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. म्हणून फुले शेंड्यालाच येतात. तीच फांदी तिरकी किंवा आडवी केली, तर शेंड्याचा जोर कमी होतो. मग अंगावरचे डोळे फुटतात. प्रत्येक डोळ्यातून लहान फांदी निघते आणि तिला फुले येतात.

फांद्या वळवायला आधार हवा. माळीबुवांनी बांबूचा मनोरा केला. तुम्हालाही तो करता येईल.

आठ फूट लांबीचे चार बांबू घ्या. बुडाला डांबर लावा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. दोन फुटांच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ते दीड-दीड फूट पुरा. वरची टोके एकत्र बांधा. मग फूट-फूट अंतरावर आडव्या कामट्या बांधा. झाला मनोरा! नवा गुलाब लावणार असाल, तर मनोरा आधी उभा करा. नंतर खणले तर मुळे दुखावतात. जागा उन्हाची निवडा. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन हवे.

नवी फांदी हिरवी, लवचीक असतानाच वळवा. मनोऱ्याभोवती जिन्यासारखी तिरकी चढवीत न्या. ती बांबूंच्या आत-बाहेर ओवू नका, बाहेरूनच गुंडाळा. पुढे जुनी फांदी काढणे सोपे जाते. सुतळीने बांधा, तारेने नको. तार सालीत रुतते. फांदी आणि बांबू यांच्यामध्ये सुतळीला एक पीळ द्या. गाठ बोट जाईल इतकी सैल ठेवा.

पहिल्या वर्षी लांब फांद्या छाटू नका. पुढे दरवर्षी पावसाळा संपला की वाळलेल्या फांद्या काढा. बाजूच्या लहान फांद्या दोन-तीन डोळे ठेवून छाटा.

आता एक सावधगिरी. आपला गुलाब बहुधा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. आमच्या वेलाला प्रथम एक जोमदार फुटवा आला. मी आनंदाने सुतळी आणली. माळीबुवांनी माती उकरून दाखवली. "गुरुजी, हा सांध्याच्या खालून आला. हा जंगली. हा ठेवला तर आपला गुलाब मरेल." त्यांनी तो मुळापासून ओढून काढला. महिन्याभराने सांध्याच्या वरून एक बारीक कोंब आला. तो आमचा होता.

दोन वर्षांनी मनोरा गुडघ्यापासून डोक्यापर्यंत फुलला. पत्नीने पहिले फूल देवाला वाहिले आणि दुसरे माळीबुवांना दिले. पुढे माळीबुवा माझ्याकडे अक्षरे शिकले. मी त्यांच्याकडे झाडे शिकलो.

प्रश्न

1. सरळ वाढलेल्या फांदीला खाली फुले का येत नाहीत?
2. फांदी कोवळी असतानाच का वळवावी?
3. जंगली फुटवा कसा ओळखाल?