इमोलाचे चित्र : वरून पाहणे आणि दृष्टिबिंदूचा प्रश्न

कादंबरीतील सर्वज्ञ निवेदक हा 'वरून पाहणारा' असतो, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि त्याची दृष्टी तटस्थ असते, असेही बहुधा गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहण्यास लिओनार्दो दा विंची याने १५०२ मध्ये शाई व जलरंगांत केलेले इटलीतील इमोला नगराचे चित्र उपयोगी पडते. ते आज विंडसर येथील राजसंग्रहात आहे.

एका वर्तुळात तटबंदीचे नगर, घरांना गुलाबी छटा, खंदक व सान्तेर्नो नदी निळी, असे हे चित्र आहे. टेकडीवरून रेखाटलेल्या नगरदृश्यात जवळचे मोठे व दूरचे लहान दिसते, पुढच्या भिंती मागच्या गल्ल्या झाकतात. येथे तसे घडत नाही. प्रत्येक बिंदू थेट त्याच्या माथ्यावरून पाहिल्यासारखा आहे. अशी जागा कोणत्याही एका डोळ्याला, अगदी पक्ष्यालाही, लाभणे शक्य नाही.

मग हे दृश्य सिद्ध झाले कसे? वर्तुळाच्या केंद्रातून निघालेल्या रेषा आठ वाऱ्यांच्या दिशा व त्यांचे उपविभाग दाखवितात. रस्त्यांचे कोन व जमिनीवरील अंतरे मोजूनच असे चित्र साधते. पूर्वीच्या एखाद्या आराखड्याचा आधार घेतला असला, तरी तोही कोणीतरी जमिनीवरूनच केलेला असणार. आकाशातून पाहिल्याचा भास हा पायी केलेल्या मोजणीचा परिणाम आहे.

दुसरा प्रश्न प्रयोजनाचा. १४९९ मध्ये इमोला जिंकणाऱ्या चेझारे बोर्जाने १५०२ मध्ये लिओनार्दोला लष्करी स्थापत्यकार नेमले होते. चित्राच्या कडेच्या टिपांत बोलोन्यासारख्या नगरांच्या दिशा व अंतरे दिली आहेत. सत्ताधीशाच्या कामास तट, खंदक, वाटा व अंतरे पुरेशी होती. चित्रात माणूस एकही नाही.

यावरून हे चित्र खोटे ठरत नाही. त्याची अचूकता आजही थक्क करते. मात्र अचूकता म्हणजे तटस्थता नव्हे. सर्वज्ञ निवेदनाविषयीही अभ्यासकाने हेच दोन प्रश्न विचारावयास हवेत : हे ज्ञान जमिनीवरील कोणत्या वाटांनी गोळा झाले आणि ते कोणाच्या उपयोगाचे आहे? निवेदकाला 'सर्वज्ञ' म्हटल्याने त्यांची उत्तरे मिळत नाहीत. ती संहितेतील निवडींतून व गाळलेल्या जागांतूनच शोधावी लागतात.