गोड पाणी आणि निर्दोष पाणी

उरण तालुक्यात पाण्याची पारख जिभेने करण्याची रीत जुनी आहे. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ लागले, तर ते वापरास. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी गोड झरा लागला, तर ते पिण्यास. मिठापुरती ही पारख खरी आहे. परंतु पाण्यात असेही एखादे द्रव्य विरघळलेले असू शकते की, ज्यास रंग नाही, वास नाही व चवही नाही. युरेनियम हे अशांपैकी एक होय. त्याची ओळख ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी करून घेणे जरूर आहे.

युरेनियम पाण्यात कसे उतरते?

युरेनियम हा जड धातू असून तो थोड्याफार प्रमाणात सर्व खडकांत आढळतो. ग्रॅनाइटमध्ये त्याचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ३ ते ४ भाग असते. कोकणच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते पुष्कळच कमी असते.

मात्र खडकात असणे निराळे आणि पाण्यात उतरणे निराळे. जेथे हवा पोहोचत नाही अशा काळ्या, कुजकट वासाच्या गाळात युरेनियम कणांना धरून बसते. त्याच गाळात प्राणवायू शिरला की त्याचे रूप पालटते व ते विरघळू लागते. पाण्यात बायकार्बोनेट अधिक असल्यास त्याच्याशी संयोग पावून ते पाण्याबरोबर वाहत जाते. म्हणून बेसुमार उपशाने पाणी खोल गेले व पूर्वी बुडालेल्या थरांस हवा लागली, तर हा धोका वाढू शकतो.

राजस्थान व गुजरातमधील ३२४ विहिरींच्या पाण्याचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात राजस्थानातील सुमारे एक तृतीयांश विहिरींत युरेनियम मर्यादेहून अधिक आढळले.

मर्यादा किती व अपाय कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली ठरविलेली मर्यादा एका लिटरास ३० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक हजार लिटरांच्या टाकीत अवघे ३० मिलिग्रॅम. मिठाच्या एका चिमटीहूनही कमी. युरेनियम म्हणताच लोकांस किरणोत्साराचे भय वाटते. परंतु पिण्याच्या पाण्यातून होणारा मुख्य अपाय रासायनिक असून तो मूत्रपिंडास होतो. तो एका दिवसात दिसत नाही; वर्षानुवर्षे तेच पाणी पिण्यात आले म्हणजे होण्याचा संभव असतो.

द्रोणागिरीच्या परिसरात काय समजावे?

येथील खडक बेसाल्टचा आहे. समुद्राच्या पाण्यातही युरेनियम लिटरास सुमारे ३ मायक्रोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या एक दशांश एवढेच असते. तेव्हा बांधास खांड पडून किंवा उपसा अधिक झाल्याने विहिरीत खारे पाणी शिरले, तर पहिली अडचण मिठाचीच समजावी. विनाकारण घबराट पसरवू नये. तथापि खडक बरा, म्हणून तपासणी नको, असेही म्हणू नये. खोल कूपनलिकेचे पाणी कोणत्या थरातून येते हे वरून दिसत नाही. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांत ग्रॅनाइट व नीस खडक आहेत. तेथील कार्यकर्त्यांनी अधिक दक्ष राहावे.

शेतीचा संबंध

पिकास न लागलेले नत्रखत नायट्रेटच्या रूपाने भूजलात झिरपते. हे नायट्रेट गाळात बसलेल्या युरेनियमला सुटे करण्यास मदत करते. अमेरिकेतील दोन मोठ्या भूजलक्षेत्रांच्या २०१५ सालच्या अभ्यासात हा संबंध दिसून आला. म्हणून भातास युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा. उकिरडा व शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा. यात खताची बचत होते आणि पाण्याचेही रक्षण होते.

कार्यकर्त्याने करावयाची कामे

१. गावातील पिण्याच्या सर्व विहिरी व कूपनलिका यांची यादी करावी. नळाचे पाणी आले असले, तरी टंचाईत जेथून पाणी भरले जाते ते स्रोत वगळू नयेत.

२. गावपातळीवरील परीक्षण संचाने युरेनियम कळत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे विचारणा करून योग्य प्रयोगशाळा ठरवावी.

३. नमुना घेण्यापूर्वी हातपंप पाच ते दहा मिनिटे चालवावा. बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी व तिच्यावर स्रोत, खोली व तारीख लिहावी.

४. पाणी उकळून युरेनियम जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. विरंजक चूर्णाने जंतू मरतात, युरेनियम नव्हे. तुरटीवरही विसंबू नये. दोष आढळल्यास दुसरा स्रोत घेणे उत्तम. ते शक्य नसल्यास आर. ओ. पद्धतीचे शुद्धीकरण यंत्र बसवावे, व त्यातून निघणारे सांडपाणी विहिरीकडे वळू देऊ नये.

५. अहवाल आला की तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. चांगला असला तरी वाचावा.

सभेत विचारावयाचे प्रश्न

आपल्या गावची सर्वांत खोल कूपनलिका कोणती? तिचे पाणी शेवटचे केव्हा तपासले? तपासणीत कोणकोणती द्रव्ये पाहिली होती? उत्तर देता आले नाही, तर त्या कूपनलिकेचा नमुना प्रथम पाठवावा.