तारिणीवरचे दिवस

१० सप्टेंबर २०१७ हा दिवस. मांडवी नदीच्या मुखातून एक शुभ्र शिडांची नौका बाहेर पडली आणि हळूहळू क्षितिजाकडे जाऊ लागली. तिचे नाव ‘तारिणी’. ती गोव्यातच बांधलेली होती. तिची लांबी अवघी सतरा मीटर. पण ती निघाली होती पृथ्वीप्रदक्षिणेला!

तारिणीवर भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी होत्या. वर्तिका जोशी या त्यांच्या प्रमुख. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. कोणी हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेली, कोणी मणिपूरची, तर कोणी विशाखापट्टणमच्या समुद्रकाठची. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे यांनी त्यांना या विद्येचे धडे दिले होते.

किनारा दिसेनासा झाला. आता वर आकाश आणि खाली पाणी, याखेरीज दृष्टीस काही पडेना. पहिला मुक्काम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरात. तेथे पोहोचावयास त्रेचाळीस दिवस लागले. इतके दिवस समुद्रावर जातात तरी कसे?

समुद्रावर रविवार नसतो. नौका दिवसरात्र चालतच असते. म्हणून सुकाणूपाशी कोणीतरी सदैव जागे असावे लागते. एकीची पाळी संपली की दुसरीची सुरू होते. मध्यरात्री गाढ झोप लागली असताना हाक आली, तरी उठावे लागते; कारण हाक मारणारीही तितकीच थकलेली असते. वारा वाढला तर शिडे आखडून घ्यायची, वारा उतरला तर ती पुन्हा उलगडायची. दोरखंड झिजले आहेत काय, कोठे पाणी झिरपते काय, हे रोज पाहायचे. हवामानाची आणि लाटांची निरीक्षणे नोंदवून ती मायदेशी कळवायची, हेही त्यांचे काम होते.

स्वयंपाक ही तर मोठी कसरतच. डोलणाऱ्या नौकेत भांडे जागेवर राहील तर शपथ! ताज्या भाज्या थोड्याच दिवसांत संपतात. मग सुकवलेल्या व डबाबंद अन्नावर भागवावे लागते. भोवती अथांग पाणी, पण पिण्याचा प्रत्येक घोट जपून घ्यावयाचा. त्या वर्षीची दिवाळी आली, तेव्हाही तारिणी हिंदी महासागरातच होती.

कधीकधी वारा पडतो. विषुववृत्ताच्या आसपास तर असे वारंवार घडते. शिडे लोंबू लागतात आणि नौका जणू जागच्या जागी खिळून राहते. वादळात हातांना काम तरी असते. वारा पडला म्हणजे मनाची परीक्षा होते. अशा वेळी वारा परत येईपर्यंत वाट पाहणे, एवढेच दर्यावर्दीच्या हाती उरते.

तारिणी पूर्वेकडे जात होती. त्यामुळे एक गंमत घडली. पूर्वेकडे जाणाऱ्यास रोज सूर्य थोडा लवकर भेटतो. म्हणून नौकेवरचा दिवस चोवीस तासांहून काही मिनिटांनी लहान होतो. पंधरा रेखांश ओलांडले की घड्याळ एक तास पुढे न्यावे लागते. पॅसिफिक महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ती ओलांडताना पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेस तीच तारीख पुन्हा एकदा धरावी लागते. अशा रीतीने प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत गोव्यातील लोकांपेक्षा तारिणीवर एक सूर्योदय अधिक झाला!

न्यूझीलंडमधील लिटल्टन बंदर सोडल्यावर सर्वांत खडतर पल्ला सुरू झाला. सुमारे चाळीस दिवस जमीन नाही. नाताळ आणि नवे वर्ष त्या ओसाड सागरावरच आले. ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे वाहू लागले. सात-सात मीटर उंचीच्या लाटा उसळू लागल्या. हाडे गोठविणारी थंडी होती. तरीही पाळी चुकवून चालणार नव्हते. एकीने हयगय केली तर सहाही जणींचे प्राण संकटात! अखेर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न पार केले आणि तेथे तिरंगा फडकविला.

फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे मुक्काम करून तारिणी मायदेशाकडे वळली. आता घर जवळ आले, असे वाटत असतानाच सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणूवाचून नौका म्हणजे लगामावाचून घोडा! ठरलेल्या मार्गात नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात जाणे भाग पडले. घरचा दिवस लांबणीवर गेला. त्यांनी दुरुस्ती करून घेतली आणि पुन्हा शिडे उभारली.

२१ मे २०१८ रोजी तारिणी गोव्यास परतली. तीन महासागर, दोनदा विषुववृत्त आणि सुमारे २१,६०० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर, एवढा प्रवास तिने केला होता. त्यासाठी २५४ दिवस लागले. ते सारे दिवस एकेका पाळीने सरले. आपली पाळी आली की उठायचे, ती नीट पार पाडायची आणि सुकाणू निर्धास्तपणे दुसरीच्या हाती द्यायचे, या एका नियमावर सहा जणी पृथ्वीभोवती फिरून आल्या.

अभ्यास

१. ‘समुद्रावर रविवार नसतो’ असे का म्हटले आहे?
२. वारा पडणे हे वादळापेक्षाही कठीण का वाटते?
३. तारिणीवर गोव्यापेक्षा एक सूर्योदय अधिक कसा झाला? पृथ्वीच्या गोलाच्या साहाय्याने वर्गात समजावून सांगा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हयगय करणे, लांबणीवर जाणे, भाग पडणे.
५. नकाशावर तारिणीचा मार्ग काढा व पाचही बंदरे दाखवा.