मुखपृष्ठावर कोण असावे : तारका की मॉडेल?
(सुरतेच्या साडी-व्यवसायाच्या संदर्भात एक विचार)

जाहिरातीच्या चार पायऱ्या वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात : लक्ष वेधणे, आवड निर्माण करणे, इच्छा जागवणे आणि शेवटी खरेदी घडवून आणणे. परीक्षेत या पायऱ्या लिहून आपण गुण मिळवतो. परंतु बाजारात पाऊल टाकले की एक प्रश्न समोर येतो आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पहिली पायरी जो चढवतो, तोच पुढच्या तीन पायऱ्याही चढवतो काय? फॅशनच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर प्रसिद्ध तारका छापावी की ज्याचा व्यवसायच वस्त्र अंगावर घालून दाखवण्याचा आहे असे मॉडेल छापावे, हा वाद मुळात याच प्रश्नाचा आहे.

वाद वरवर परदेशी वाटेल. तथापि माझे घर सुरत शहरातील कतारगाम भागात आहे. तेथे हिऱ्यांचे कारखाने आहेत, तसेच कापडावर भरतकाम करणारे कारखानेही आहेत. सुरतेची साडी देशभर जाते, आणि साडीच्या आधी तिचे चित्र जाते. या चित्रांच्या संचाला व्यापारी ‘कॅटलॉग’ म्हणतात. पूर्वी हे चित्र खोक्यातील छापील कार्डावर असे. आज ते भ्रमणध्वनीवरून दुकानदारापर्यंत आधी पोहोचते आणि पार्सल मागाहून. म्हणजे सुरतेचा प्रत्येक साडी-व्यापारी हा एका अर्थी छोट्या फॅशन मासिकाचा संपादकच झाला आहे. मुखपृष्ठाचा प्रश्न त्यालाही दर हंगामाला पडतो.

थोडा इतिहास

मराठी वाचकाला मुखपृष्ठावरील सुंदर स्त्री नवी नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्यातून उतरलेल्या स्त्रियांनी आपल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे कित्येक वर्षे सजवली. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. या चित्रांतील स्त्रीला नाव नसे. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर तिच्या लुगड्याच्या काठावर, पदराच्या वळणावर, नथीवर आणि अंबाड्यातील वेणीवर रेंगाळू शके.

तारकेचा चेहरा वस्तूच्या विक्रीसाठी वापरण्याची प्रथाही जुनी आहे. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या लीला चिटणीस या पहिल्या भारतीय चित्रपट अभिनेत्री मानल्या जातात. त्यांचा जन्म धारवाडचा. म्हणजे मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांना त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटायला हरकत नाही! मात्र साबण आणि साडी यांत एक फरक आहे. साबणाचा गुण चित्रात दिसत नाही, म्हणून तेथे कोणाच्या तरी शब्दाची गरज लागते. साडीचा गुण, निदान त्याचा मोठा भाग, चित्रात दाखवता येतो.

फॅशन मासिकांचे वळण पुढे बदलत गेले. ‘फेमिना’ १९५९ मध्ये निघाले. १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा हिने सुरतेच्या ‘गार्डन वरेली’साठी मॉडेल म्हणून काम केले होते, पुढे १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ या हॉलिवूड चित्रपटामुळे ती जगाला माहीत झाली. अमेरिकन ‘व्होग’ची सूत्रे १९८८ मध्ये अ‍ॅना विंटूर यांच्या हाती आली आणि मे १९८९ च्या अंकावर गायिका मॅडोना आली. त्यानंतरच्या दशकात तेथील मुखपृष्ठांवर मॉडेलांची जागा हळूहळू नट्यांनी घेतली. भारतीय ‘व्होग’चा पहिला अंक ऑक्टोबर २००७ चा. त्याच्या मुखपृष्ठावर गेमा वॉर्ड ही ऑस्ट्रेलियन मॉडेल मधोमध होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बिपाशा बसू व प्रियांका चोप्रा होत्या. लक्ष्मी मेनन आणि मोनिकांगना दत्ता या भारतीय मॉडेल उलगडणाऱ्या पानावर होत्या. कोणाला समोर ठेवले आणि कोणाला घडीआड, यातच या वादाचे सार आले आहे.

तारकेच्या बाजूने

प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे. तारकेच्या बाजूने दोन सबळ कारणे आहेत.

पहिले कारण ओळखीचे. दूरच्या गावातील दुकानदार सुरतेच्या व्यापाऱ्याला पाहायला येऊ शकत नाही. शेकडो कॅटलॉग त्याच्यापुढे येतात. त्या गर्दीत ओळखीचा चेहरा दिसला की हात थांबतो. शिवाय ज्याने एवढी रक्कम चेहऱ्यावर खर्च केली, तो व्यापारी उद्या दुकान बंद करून पळणार नाही, असाही विश्वास त्या चेहऱ्यातून मिळतो. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात हा विश्वास लहान नव्हे.

दुसरे कारण मासिकापुरते आहे. मुखपृष्ठासाठी तारका सहसा मानधन घेत नाही, कारण तिलाही नव्या चित्रपटाची प्रसिद्धी हवी असते. संपादकाला खप हवा आणि तारकेला प्रसिद्धी हवी, असा हा सरळ व्यवहार आहे.

दोन्ही मुद्दे खरे आहेत. परंतु ते पहिल्या पायरीपुरते, म्हणजे लक्ष वेधण्यापुरतेच खरे आहेत. दुकानातील गिऱ्हाईक साडीची घडी मोडते, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहते, कापड बोटांत चुरगळून बघते. त्या क्षणी तारका तिच्याजवळ नसते. तेथे वस्त्र एकटे उभे असते.

हिशेबाची बाजू

आता थोडे गणित करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत.

एका व्यापाऱ्याने एका कॅटलॉगच्या १०,००० साड्या विकल्या. खर्च वजा जाता, परंतु चित्रीकरणाचा खर्च धरण्यापूर्वी, एका साडीमागे त्याला ४० रुपये उरतात. मॉडेल, छायाचित्रकार आणि छपाई मिळून त्याला १ लाख रुपये लागले. एकूण शिल्लक ४ लाख, त्यातून १ लाख वजा, नफा ३ लाख. चित्राचा भार साडीमागे १० रुपये.

आता त्याने तारका घेतली आणि हाच खर्च २५ लाख झाला. पूर्वीचाच ३ लाखांचा नफा मिळवण्यासाठी त्याला एकूण २८ लाखांची शिल्लक हवी, म्हणजे ७०,००० साड्या विकल्या पाहिजेत. तारकेने विक्री सातपट वाढवली तर व्यापारी जेथे होता तेथेच राहतो! विक्री नुसती दुप्पट झाली तर शिल्लक ८ लाख आणि खर्च २५ लाख. १७ लाखांचा खड्डा.

स्थिर खर्चाचा हा स्वभाव आपण शिकतोच. जो लाखो नग विकतो त्याला तो पेलतो, जो हजारांत विकतो त्याला तो बुडवतो. म्हणून मोठ्या व्यापाऱ्याला तारका परवडेल. परंतु लहान व्यापाऱ्याने त्याचे अनुकरण केले तर खड्डा कोठून भरायचा?

येथे पाठ्यपुस्तक संपते आणि आमची गल्ली सुरू होते. धाग्याचा भाव बाजार ठरवतो. रंगाईचा दर कारखाना ठरवतो. भाड्याला आणि विजेला कोणी हात लावू शकत नाही. कमी करता येण्याजोगा एकच दर उरतो, तो म्हणजे जॉबवर्कचा. साडीला लेस लावणे, टिक्या व खडे चिकटवणे, धागे कापणे ही कामे कतारगामसारख्या भागांत बायका घरी बसून नगावर करतात. सकाळी गठ्ठा येतो, संध्याकाळी जातो. त्यांचा करार कागदावर नसतो, त्यामुळे नगामागचा दर आठ आणे कमी करायला एक वाक्य पुरते. कॅटलॉगवर चेहरा कोणाचा, हा प्रश्न त्या बायकांना कोणी विचारत नाही. परंतु त्याच्या उत्तराची किंमत त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचू शकते. मला हा वाद महत्त्वाचा वाटतो तो या कारणाने.

कायद्याची बाजू

तारकेचा चेहरा महाग, म्हणून काहीजण तो न विचारताच छापतात. हा मार्ग अधिकच धोक्याचा आहे. तनिष्कच्या जाहिरातीतील अमिताभ व जया बच्चन यांची छायाचित्रे मुजफ्फरनगरच्या एका सराफाने आपल्या फलकावर वापरली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याच्याविरुद्ध निर्णय दिला. प्रसिद्ध व्यक्तीच्या चेहऱ्याच्या व्यापारी वापरावर तिचा स्वतःचा हक्क असतो, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

तारकेवरही आता जबाबदारी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत आणि पुढे तीन वर्षांपर्यंत अशा जाहिराती करण्यास मनाई होऊ शकते. योग्य ती खातरजमा केली असेल तरच सुटका. ‘शुद्ध रेशीम’ असे छापलेल्या पॉलिएस्टरच्या साडीशेजारी हसत उभे राहणे आता निरुपद्रवी राहिलेले नाही.

नव्या चेहऱ्यांचे काय?

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुखपृष्ठ हे प्रसिद्धीचे फळ आहे, तसेच ते प्रसिद्धीचे बीजही आहे. नागपूरला जन्मलेली मधू सप्रे १९९२ मध्ये फेमिना मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी विश्वसुंदरी स्पर्धेत तिसरी आली. कोणत्याही चित्रपट घराण्याचा वारसा नसलेल्या मराठी मुलीला मॉडेलिंगचे दार उघडे होते, म्हणून हे घडले. ज्याला आधीच ओळखतात त्यालाच मुखपृष्ठ, असा नियम झाला तर नव्या मुलीची ओळख व्हायची कोठे?

चेहऱ्याविना नाव

चेहरा नसला तर माल खपत नाही, या समजुतीला दोन उदाहरणे पुरेशी आहेत. हिवाळ्यात सुरतेच्या भाजीबाजारात उंधियूसाठी जी पापडी मिळते, तिच्यात कतारगामच्या पापडीचे नाव मोठे. कतारगामात शेतांच्या जागी इमारती आल्या तरी ते नाव टिकून आहे. त्या पापडीची जाहिरात कोणी नटीने केली नाही. शेंग मोडून पाहणाऱ्या गृहिणींनी ते नाव केले. दुसरे उदाहरण आपल्या सीमाभागातील इरकलचे. कन्नड विभागातील मित्र तिला ‘इळकल सीरे’ म्हणतात. काठ आणि लाल टोपपदर दिसला की आमच्या आज्या दुरूनच ती ओळखत. तिथे पदर हाच चेहरा होता.

तात्पर्य

माझे मत थोडक्यात असे. साडीच्या कॅटलॉगवर मॉडेल असावे, कारण तेथे वस्त्र हा नायक आहे आणि गिऱ्हाइकाला त्याचा पुरावा हवा असतो. फॅशन मासिकावर बहुतेक वेळा मॉडेलच असावे. तारकेला जागा द्यावी ती तिचा त्या वस्त्राशी खरा संबंध असेल तेव्हा : तिने ते स्वतः वापरले, जपले किंवा त्याच्या विणकरांसाठी काही केले असेल तेव्हा. केवळ येत्या शुक्रवारी तिचा चित्रपट लागणार आहे, हे कारण वाचकाच्या पैशाला न्याय देणारे नाही. आणि कोणीही छापले तरी आत एका ओळीत मॉडेलचे नाव, कापडाचे नाव आणि ते कोठे विणले गेले हे द्यावे. त्या ओळीला एक पैसाही जास्त लागत नाही.

वाचकांनी पुढच्या वेळी मासिक किंवा कॅटलॉग हाती घेतल्यावर तीन प्रश्न विचारून पाहावेत. चेहरा झाकला तर वस्त्राबद्दल काय कळते? या चेहऱ्याचा खर्च कोणाच्या वाट्यातून गेला असेल? ही व्यक्ती जे घालून उभी आहे, त्याविषयी तिला काही सांगता येईल काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर चेहरा तारकेचा असो वा मॉडेलचा, साडी खुशाल घ्यावी.