अवटु ग्रंथीचा अतिरेक : सावध कोणी असावे?

मानेच्या पुढील भागी, स्वरयंत्राच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटु किंवा थायरॉइड म्हणतात. शरीरातील चयापचयाची गती तिच्या स्रावावर अवलंबून असते. हा स्राव प्रमाणाबाहेर गेला म्हणजे भूक चांगली असूनही वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात, उकाडा सोसत नाही. पोलोग्राउंडसारख्या कारखान्यांच्या परिसरात अशी लक्षणे उन्हावर किंवा कामाच्या दगदगीवर ढकलली जाणे सहज शक्य आहे. म्हणून या विकाराचा धोका कोणास अधिक, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिली गोष्ट कुलाची. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणास थायरॉइडचा विकार असेल, तर घरातील इतरांनी जागरूक राहावे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कितीतरी पटींनी अधिक आढळतो. त्याचे प्रमुख कारण असलेला रोग आयरिश वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली वर्णिला. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीला चेतवीत राहते. बालपणापासूनचा मधुमेह असणाऱ्यांस व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांसही धोका अधिक. बाळंतपणानंतरच्या वर्षात होणारी धडधड केवळ अशक्तपणाची समजू नये. साठीनंतर ग्रंथीतील गाठींमुळेही स्राव वाढतो. वृद्धांत मात्र लक्षणे पुष्कळदा अस्पष्ट असतात.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली. विडी-सिगारेटने ग्रेव्हज रोगाचा, विशेषतः त्यातील नेत्रविकाराचा, धोका वाढतो. आयोडीनयुक्त मिठास मात्र भिऊ नये. गलगंड टाळण्यासाठी भारताने १९६२ पासून त्याचा पुरस्कार केला आहे आणि प्रौढास दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतेच. अपाय होतो तो अतिरेकाने : समुद्रशैवालाच्या गोळ्या किंवा हृदयविकारावरील अमियोडॅरोन यांतून आयोडीन फार जाते. अर्थात अमियोडॅरोन स्वतःहून बंद करू नये. हळदीकुंकवाच्या बैठकीत ऐकून, वजन उतरावे म्हणून शेजारणीच्या थायरॉइडच्या गोळ्या घेणे, हे तर संकटास आमंत्रणच होय.

धोका असणे म्हणजे रोग होणे नव्हे. रक्ताच्या साध्या तपासणीने निदान होते व उपचारही आहेत. दुर्लक्ष केल्यास मात्र हृदयाची लय बिघडते आणि हाडे ठिसूळ होतात. घरातील कोणी कारणावाचून वाळत असेल, तर त्यास वेळीच डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच आमचे सांगणे.