पदराची एक ओळ आपल्या हातांनी

चांदवडला रेणुकामातेचं दर्शन झालं, अहिल्याबाईंचा रंगमहाल बघून झाला की गाड्या पुन्हा मुंबई-आग्रा रस्त्याला लागतात. तुम्ही मनमाडमार्गे येवल्याला वळा. पैठणी विकत घ्यायला नाही, विणून बघायला.

निघण्याआधी ओळखीतून एखाद्या विणकर कुटुंबाला फोन करा आणि वेळेबरोबर मोबदलाही तेव्हाच ठरवा. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. तुम्हाला दिलेला तास त्या घराच्या कमाईतून जातो, म्हणून इथे घासाघीस नको. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा, कारण रेशीम कशातही अडकतं. हाताला तेल, क्रीमही नको.

पोचल्यावर लगेच मागावर बसू नका. आधी रहाटापाशी बसा. आसारी म्हणजे फिरकी. तिच्यावरचं रेशीम रहाट फिरवून कांडीवर भरतात. (संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर पतंगाचा दोराही आसारीवरच गुंडाळतात.) घरातल्या मावशींना विचारून एक कांडी भरा. एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून धागा सोडायचा. ताण कमी पडला तर कांडी सैल भरते, जास्त झाला तर धागा तुटतो. तुटला की मावशी तो कसा सांधतात ते बघा आणि पुढच्या वेळी स्वतः सांधा.

मग माग. ताणा उभा, बाणा आडवा. साध्या अंगालाही तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या रंगाचा एक. तुम्हाला बसायचंय ते मात्र पदराशी. तिथे जमीन जरीची, नक्षी रेशमाची आणि प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, कडेला शेजारच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. विणकरदादा दाखवतील तेवढे ताण्याचे धागे मोजा, कांडी त्यांच्यातून काढा, शेजारच्यात अडकवा, पुढचा रंग घ्या. ओळ काठापर्यंत पोचली की फणी ठोका. एक ओळ पुरे. जपानात क्योतोच्या निशिजिन भागातले त्सुझुरे विणकरही असाच रंगापुरता बाणा फिरवतात, फक्त तो बसवायला ते नखांच्या टोकांना खाचा पाडतात.

ओळ चुकली असेल तर संकोच न करता उसवायला सांगा. ही साडी कोणीतरी लग्नात नेसणार आहे.

उठण्याआधी पदराची उलटी बाजू बघायला मागा. मोर तिकडूनही तसाच दिसतो, लोंबते धागे नाहीत. यंत्रावरच्या नक्षीमागे धागे सुटे धावतात किंवा कापलेले दिसतात. पुढे दुकानात पैठणी हातात आली की आधी पदर उलटा.

निघताना साडी मागावरून कधी उतरणार ते विचारून ठेवा. जमलं तर त्या दिवशी पुन्हा जा.